काळ्या मातीचा उजेड : चित्रकार ना. श्री. बेंद्रे

इंदूर शहरातून वायव्येकडे जाणारा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरवर देपालपूरला पोहोचतो. माळव्याच्या पठारावरचे हे तालुक्याचे गाव. होळकरांच्या इतिहासात त्याचे नाव येते ते अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांचे जन्मस्थान म्हणून. १७४५ साली त्यांचा जन्म येथे झाल्याची नोंद आहे. वाटेत दोन्ही बाजूंना काळी, कसदार जमीन पसरलेली दिसते. पावसाळ्यात ती सोयाबीनने झाकली जाते, हिवाळ्यात गहू आणि हरभऱ्याने. चैत्र-वैशाखात पिके निघून गेली की तिचे उघडे काळे अंग उन्हात तापत पडते. मधूनच एखादे चुन्याने रंगवलेले पांढरे घर येते, आणि त्याच्या खोल ओसरीत दाट सावली असते.

या साध्या दृश्यात चित्रकाराची एक मोठी परीक्षा दडलेली आहे. काळी माती अधिक उजळ की ओसरीतली पांढरी भिंत, असे कुणालाही विचारले तर उत्तर भिंत असेच येईल. प्रत्यक्षात भर दुपारी उन्हातल्या काळ्या ढेकळांवरून डोळ्यांकडे येणारा प्रकाश खोल ओसरीतल्या पांढऱ्या भिंतीवरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा पुष्कळदा अधिक असतो. भिंत पांढरी आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून ती उजळ दिसते असे आपण मानतो. जो चित्रकार ठाऊक असलेल्यावर विसंबून माती काळी आणि भिंत शुभ्र रंगवतो, त्याच्या चित्रात ऊनही उतरत नाही आणि सावलीही. जो दिसते तेवढेच मोजून रंगवतो, त्याच्या कागदावर दुपार उभी राहते.

चित्रशाळांमध्ये या मोजण्याला रंगमूल्याची जाण म्हणतात. इंग्रजी ‘व्हॅल्यू’ हा शब्दही कलाविद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेला आहे. येथे मूल्य म्हणजे किंमत नव्हे. रंग कोणता हा एक प्रश्न, आणि तो किती उजळ वा किती गडद हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्याचे मूल्य. पिकल्या लिंबाचा पिवळा स्वभावतःच उजळ, वांग्याचा जांभळा स्वभावतःच गडद. पण तांबडी मिरची आणि तिच्या शेजारचे हिरवे पान यांचे मूल्य जवळजवळ सारखे असू शकते, आणि कृष्णधवल छायाचित्रात ती दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून जातात. अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांचे वर्गीकरण मांडले, तेव्हा रंगछटा आणि रंगाची तीव्रता यांच्या जोडीला मूल्याची शून्य ते दहा अशी पट्टीच आखून दिली. शून्य म्हणजे निखळ काळा, दहा म्हणजे निखळ पांढरा. बाकी सारे जग त्या दोहोंच्या मध्ये.

माळव्याच्या याच मातीत आणि याच उन्हात ज्यांची दृष्टी घडली, ते चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरच्या मराठी कुटुंबातला हा मुलगा पुढे भारतीय चित्रकलेतला एक थोर शिक्षक आणि तितकाच चर्चेचा विषय ठरलेला कलावंत झाला. चर्चा बहुधा एकाच मुद्द्यावर होई. बेंद्रे यांनी आयुष्यात इतक्या शैली हाताळल्या की त्यांची स्वतःची म्हणावी अशी शैली कोणती, हे सांगणे टीकाकारांना अवघड जाई. वास्तवदर्शी निसर्गचित्रे, दृक्प्रत्ययवादी रंगलेपन, घनवादी रचना, अमूर्त चित्रे आणि अखेरीस बिंदूंनी विणलेली चित्रे, अशी ही वाटचाल होती. काहींना त्यात चंचलता दिसली. त्यांची चित्रे रंगमूल्याच्या अंगाने पाहिली तर मात्र वेगळेच काही हाती लागते.

इंदूरची चित्रशाळा

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरमध्ये झाला. होळकरांच्या बरोबर आणि मागोमाग माळव्यात आलेली मराठी कुटुंबे तोवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली होती. घरात मराठी आणि बाजारात हिंदी वा माळवी असा त्यांचा व्यवहार असे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

१९२७ साली इंदूरमध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रशाळा सुरू केली. देवळालीकर स्वतः मुंबईच्या परंपरेत तयार झालेले. विद्यार्थ्यांना चार भिंतींत कोंडून ठेवण्यापेक्षा घाट, गल्ल्या, बाजार आणि शेते यांच्या समोर बसवण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या हाताखालून बेंद्रे, दे. ज. जोशी आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. एका संस्थानी शहरातल्या नव्या, लहानशा शाळेने इतकी निरनिराळी माणसे घडवावीत, हे भारतीय कलेच्या इतिहासातले एक आश्चर्यच आहे. हुसेन यांच्या घरी त्यांच्या चित्रकार होण्याविषयी शंका होती, तेव्हा वयाने पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या बेंद्रे यांनी त्यांच्या वडिलांची समजूत घातली, ही हकीगत हुसेन पुढे आवर्जून सांगत.

उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो रंगमूल्याचा. त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. उत्तम पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत पाठवतो आणि काळा रंग चार-पाच टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हाती असलेला सर्वांत उजळ रंग हा सर्वांत गडद रंगाच्या फार तर वीस-पंचवीस पट उजळ. उन्हातले शेत आणि ओसरीतला कोपरा यांतले अंतर मात्र शेकडो पटींचे असू शकते. निसर्गाचा एवढा मोठा आवाका रंगांच्या एवढ्याशा आवाक्यात मावणे शक्य नाही. तेव्हा चित्रकाराला निवड करावी लागते. उन्हातले बारकावे राखायचे असतील तर सावल्या एकत्र करून गडद कराव्या लागतात, आणि सावलीतला जीव राखायचा असेल तर ऊन कागदाच्या पांढऱ्यात विरघळू द्यावे लागते. दोन्ही एकदम मिळत नाही. ही निवड ऊन सरकण्यापूर्वी, दहा-पंधरा मिनिटांत करावी लागते. म्हणूनच उघड्यावर काम करणारे चित्रकार अधूनमधून डोळे अर्धवट मिटून समोर पाहताना दिसतात. डोळे किलकिले केले की बारीक तपशील आणि रंगांची भुरळ कमी होते, आणि उरतात ते उजेड-अंधाराचे मोजके तुकडे. ते तुकडे योग्य जागी बसले की चित्र अर्धे झाले.

बेंद्रे या शाळेत तयार झाले. त्याच जोडीने त्यांनी महाविद्यालयीन शिक्षणही पुरे केले आणि १९३३ मध्ये आग्रा विद्यापीठाची पदवी घेतली. पुढच्या वर्षी मुंबईची कलेची शासकीय पदविका मिळाली. विशीतच त्यांच्या निसर्गचित्रांची वाखाणणी होऊ लागली. अपारदर्शक जलरंग हे त्यांचे आवडते माध्यम होते, आणि रंगमूल्याच्या दृष्टीने या माध्यमाचे स्वतःचे नियम आहेत. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा. तो आधीच राखून ठेवावा लागतो आणि उजळाकडून गडदाकडे जावे लागते. अपारदर्शक रंगात पांढरा मिसळलेला रंग गडदावरही चढवता येतो, त्यामुळे मधल्या छटेपासून सुरुवात करून दोन्ही दिशांना जाता येते. अडचण अशी की वाळल्यावर रंगाचे मूल्य पालटते. ओला असताना बरोबर वाटलेला पट्टा वाळल्यावर उजळ किंवा मंद होतो. हात बसलेल्या माणसाला ओल्या रंगात वाळलेला रंग दिसावा लागतो. बेंद्रे यांच्या निसर्गचित्रांत जी सहजता जाणवते, तिच्यामागे हा हिशेब आहे.

काश्मीर, मुंबई, शांतिनिकेतन

१९३६ ते १९३९ या काळात बेंद्रे काश्मीरमध्ये होते. तेथील पर्यटन विभागासाठी चित्रकार म्हणून त्यांनी काम केले. काळ्या मातीच्या प्रदेशातून बर्फाच्या प्रदेशात जाणे म्हणजे पट्टीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाणे होय. बर्फ पांढरा असतो, पण सावलीतला बर्फ आकाशाचा निळा पांघरतो आणि बरेचदा आकाशापेक्षा गडद दिसतो. तळ्यातल्या प्रतिबिंबाचाही एक नियम आहे. उजळ वस्तूचे प्रतिबिंब वस्तूहून किंचित गडद दिसते आणि गडद वस्तूचे किंचित उजळ. दल सरोवरासमोर बसणाऱ्या चित्रकाराने हे पाहिले नाही तर पाणी काचेसारखे निर्जीव होते. या वर्षांनी बेंद्रे यांच्या रंगांना गारवा दिला आणि मधल्या, धूसर छटांवरची त्यांची पकड वाढवली.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९४१ मध्ये त्यांना मिळाले. त्या काळी या पदकाचा मान मोठा होता आणि गोव्याचा त्याच्याशी जुना संबंध होता. सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांना हेच पदक १९२० मध्ये लाभले होते. त्रिंदाद यांना पूर्वेचे रेम्ब्रां म्हटले जाई, आणि ही उपमा मुख्यतः रंगमूल्यांच्या हाताळणीमुळेच मिळालेली आहे. गडद पार्श्वभूमीतून उजळत येणारा चेहरा, कपाळावर आणि गालावर थबकलेला प्रकाश, बाकीचे सारे सावलीत सोडून दिलेले, असे त्यांचे व्यक्तिचित्रण. त्यांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात आजही पाहता येतात. त्रिंदाद आणि तरुण बेंद्रे यांच्यातला फरक मूल्यांच्या वापरातच दिसतो. त्रिंदाद यांचा प्रकाश खोलीतला, एका बाजूने येणारा आणि माणसाचे मन उलगडणारा. बेंद्रे यांचा प्रकाश उघड्यावरचा, साऱ्यांवर सारखा पडणारा. पहिल्यात सावलीची सत्ता आहे, दुसऱ्यात उन्हाची.

१९४५ मध्ये बेंद्रे शांतिनिकेतनात काही काळ राहिले. नंदलाल बसू, विनोद बिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्या सहवासात त्यांना चित्राकडे पाहण्याची दुसरी पद्धत भेटली. या पद्धतीची मुळे त्यांच्या स्वतःच्या प्रदेशातही होती. माळव्यातल्या बाघच्या गुंफांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नंदलाल बसू आणि त्यांचे सहकारी १९२१ मध्ये तिकडे गेले होते. सतराव्या शतकातली माळवा शैलीची लघुचित्रे तर याच पठारावरची. त्यांत पडलेली सावली नसते, एका बाजूने येणारा उजेड नसतो. काळ्या, गर्द निळ्या किंवा तांबड्या सपाट पार्श्वभूमीवर उजळ आकृती ठेवली की तेवढ्या विरोधाने सारे दृश्य उभे राहते. येथे मूल्य वस्तूचा गोलवा दाखवण्यासाठी वापरलेले नाही. ते चित्राची जागा वाटून देण्यासाठी आहे. आकृती कोणती, अवकाश कोणता, डोळ्याने आधी कुठे जावे, हे ते ठरवते.

म्हणजे उजेड-अंधाराचे दोन उपयोग बेंद्रे यांच्यासमोर आता स्पष्ट होते. एक, प्रकाशाचा आभास घडवणारा. दुसरा, सपाट पृष्ठावर रचना बांधणारा. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे सूत्र या दोहोंमधल्या ये-जामध्ये सापडते.

परदेश आणि बडोदे

१९४७-४८ मध्ये बेंद्रे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये त्याच शहरात त्यांचे प्रदर्शन भरले. मुद्राचित्रण ही रंगमूल्याची सर्वांत कडक तालीम मानावी लागेल. रंगांचा आधार काढून घेतलेला असतो. शाईचा काळा, कागदाचा पांढरा आणि रेषा दाट-विरळ करून मिळवलेले करडे, एवढ्यावर सारे सांगायचे असते. परतताना युरोपातली संग्रहालये त्यांनी पाहिली. आधुनिक चित्रकारांच्या मूळ कृती समोर उभे राहून पाहणे ही त्या काळच्या भारतीय चित्रकाराला दुर्मीळ संधी होती.

मोने यांच्या उगवत्या सूर्याच्या प्रसिद्ध चित्राचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यातला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या आकाशाइतक्याच मूल्याचा आहे, जवळजवळ तंतोतंत. कृष्णधवल प्रतीत तो दिसेनासा होतो. रंग वेगळा पण उजळपणा सारखा, यामुळे डोळा त्याला एका जागी पक्का बसवू शकत नाही आणि सूर्य थरथरल्यासारखा भासतो. मूल्यांचा विरोध वाढवून वस्तू ठसठशीत करता येते, तशी तो काढून घेऊन ती तरंगतीही ठेवता येते. बेंद्रे यांना पुढे याच दुसऱ्या शक्यतेने दीर्घकाळ खुणावले.

१९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. शिल्पकलेकडे शंखो चौधुरी होते. विद्यापीठाच्या चौकटीत कलेचे शिक्षण देण्याचा हा प्रयोग देशात नवा होता. १९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख, रतन पारिमू, हकू शहा ही त्यांच्या काळातल्या विद्यार्थ्यांपैकी काही नावे. १९५६ मध्ये बडोदा ग्रुप स्थापन झाला, त्यात गुरू आणि शिष्य एकाच भिंतीवर चित्रे लावू लागले.

या विद्यार्थ्यांच्या पुढच्या कामाकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतला कोणीही बेंद्रे यांच्यासारखा रंगवत नाही. एकाने मुद्राचित्रण आणि छायाचित्रण जवळ केले, दुसऱ्याने कथनात्मक चित्रण, तिसऱ्याने लोककलेचा अभ्यास. शिक्षकाची शैली ठळक असली की विद्यार्थी तिच्या सावलीत वाढतात. बेंद्रे यांनी शैलीऐवजी शैलीच्या तळाशी असणारी दृष्टी दिली. उजेड कुठे, अंधार कुठे, त्यांचे प्रमाण काय, डोळा कुठून कुठे जातो, हे ज्याला कळले त्याला कोणतीही शैली चालते. ज्या विविधतेसाठी बेंद्रे यांना बोल लावला गेला, तिनेच त्यांच्या विद्यार्थ्यांना मोकळे ठेवले.

बडोद्याच्या काळातली त्यांची स्वतःची चित्रे घनवादाच्या जवळ जातात. ‘काटा’ या त्यांच्या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ग्रामीण जीवनातला विषय, पण मांडणी कोनदार आणि सपाट पृष्ठांची. पृष्ठांचे उजळ-गडद वाटप येथे सूर्याच्या जागेवरून ठरत नाही, रचनेच्या गरजेवरून ठरते. एक उजळ पट्टा शेजारच्या गडद पट्ट्याला पुढे ढकलतो, मधला करडा दोघांना सांधतो. माळव्याच्या लघुचित्रकारांनी तीनशे वर्षांपूर्वी ज्या तत्त्वावर चित्रे बांधली, तेच तत्त्व पॅरिसमार्गे फिरून आल्यासारखे येथे भेटते. ‘सूर्यफूल’ आणि ‘पोपट आणि सरडा’ ही याच दशकातली त्यांची चित्रे.

पुढे ते अमूर्त चित्रणाकडे वळले. मानवाकृती आणि वस्तू निघून गेल्यावर चित्र सावरण्यासाठी मूल्यांखेरीज फारसे काही उरत नाही. या वाटेने टोकापर्यंत गेलेले चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. मूळ गोमंतकीय कुटुंबातले, १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले. एकाच रंगाच्या असंख्य उजळ-गडद थरांतून त्यांनी प्रकाश आतून पाझरल्यासारखा केला. बेंद्रे तेथे थांबले नाहीत. माणसांची, विशेषतः कष्टकरी ग्रामीण स्त्रियांची ओढ त्यांना परत घेऊन आली.

पद सोडल्यावर

१९६६ मध्ये बेंद्रे यांनी बडोद्याचे पद सोडले. वय छप्पन्न. अधिष्ठातापद, प्रतिष्ठा, स्थिर वेतन आणि स्वतः उभी केलेली शाळा मागे ठेवून ते मुंबईला आले आणि पूर्णवेळ चित्रकार झाले. सोळा वर्षे इतरांच्या चित्रांतले दोष दाखवण्यात गेली की स्वतःच्या हाताला संकोच येण्याचा धोका असतो. शिक्षकाला सगळे मार्ग ठाऊक असतात, आणि सगळे मार्ग ठाऊक असणे चित्रकाराला अडचणीचेही ठरते. आपल्याला नेमके काय रंगवायचे आहे, हा प्रश्न बेंद्रे यांच्यासमोर त्या वयात पुन्हा नव्याने उभा होता. जुन्या शैलीत परत जाणे सोपे होते. गिऱ्हाईकही त्यांच्या निसर्गचित्रांना कमी नव्हते.

त्यांनी जे उत्तर शोधले ते बिंदूंचे. पाणी भरणाऱ्या, बाजारात बसलेल्या, मुलाला कडेवर घेतलेल्या स्त्रिया त्यांनी रंगांच्या लहान लहान ठिपक्यांतून रंगवायला सुरुवात केली. या पद्धतीचे नाते फ्रेंच चित्रकार सरा यांच्या बिंदुवादाशी जोडले जाते आणि ते योग्यच आहे. ठिपके दुरून पाहिले की डोळ्यात मिसळतात. पण मिसळल्यावर रंग पालटला तरी मूल्य त्या ठिपक्यांच्या सरासरीचेच राहते. म्हणजे शेजारशेजारचे ठिपके रंगाने भिन्न आणि मूल्याने जवळचे असतील तर पृष्ठ हलके झगमगते. मूल्यानेही भिन्न असतील तर ते खरखरीत होते आणि आकृती फाटते. बेंद्रे यांच्या या चित्रांत आकृती फाटत नाही. लुगड्याची घडी, घागरीचा गोलवा, मानेखालची सावली शेकडो रंगीत ठिपक्यांतून जाऊनही जागच्या जागी राहते. इंदूरच्या उन्हात डोळे किलकिले करून शिकलेला हिशेब येथे पन्नास वर्षांनी कामी आलेला दिसतो.

या पद्धतीला भारतीय परंपरेतही एक जुने नाव आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायाकरणाला वर्तना म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक पानाच्या शिरांसारख्या रेघांचा, दुसरा अतिशय सूक्ष्म रेषांचा आणि तिसरा बिंदूंचा, म्हणजे बिंदुज वर्तना. आचार्य रेषेची वाखाणणी करतात आणि चोखंदळ जाणकार वर्तनेची, असाही भेद तेथे केलेला आहे. बेंद्रे यांच्या अखेरच्या चित्रांत त्यांच्या प्रवासातली दोन टोके अशी एकत्र आली. उघड्यावरच्या प्रकाशाचा आभास ठिपक्यांच्या झगमगाटात आला आणि सपाट पृष्ठाची भारतीय रचना आकृतींच्या मांडणीत आली.

मानसन्मान येत राहिले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीची अधिछात्रवृत्ती, १९८४ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान. १९९२ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत वयाच्या ऐक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एकच धागा

बेंद्रे यांना एक शैली नव्हती, हे म्हणणे खोटे नाही. पण शैली हा चित्राचा पेहराव असेल तर मूल्यांची रचना हा त्याचा सांगाडा आहे. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या निसर्गचित्राची आणि १९८० च्या दशकातल्या ठिपक्यांच्या चित्राची कृष्णधवल प्रत शेजारी ठेवून पाहावी. रंग गेलेले असतील, कुंचल्याच्या खुणाही बुजलेल्या असतील. दोन्हींत मोजक्या गडद भागांनी तोललेला एक मोठा उजळ भाग आणि त्यांना सांधणारी मधली छटा दिसेल. चंचल म्हटल्या गेलेल्या माणसाने साठ वर्षे एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता.

सामान्य रसिकालाही या अभ्यासातून घेण्यासारखे आहे. प्रदर्शनात गेल्यावर आपण बहुधा विषय शोधतो, नंतर रंगांवर खूश होतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. त्याऐवजी चार पावले मागे जाऊन, डोळे थोडे मिटून, चित्रातला सर्वांत उजळ भाग आणि सर्वांत गडद भाग कुठे आहे एवढेच पाहावे. चित्रकाराने आपल्याला कुठे न्यायचे ठरवले होते, ते पुष्कळदा तेवढ्याने उमगते. पणजीत त्रिंदाद यांच्या चित्रांसमोर हे करून पाहता येईल, आणि ते जमले की आपल्याच अंगणात भर दुपारी तांबड्या चिऱ्याची भिंत आणि तुळशीवृंदावनाची सावली पाहतानाही. देपालपूरच्या रस्त्यावरची काळी माती दुपारी किती उजळ असते, हे इंदूरच्या त्या विद्यार्थ्यांना असेच कळले असणार.